लाकडी होडी कशी बनते, कशी दुरुस्त होते आणि उजनीत तिच्यात बसण्याआधी काय बघायचं?

२१ मे २०२४. संध्याकाळची वेळ. सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातल्या कुगावहून एक होडी पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघाली. मध्ये उजनी धरणाचं पाणी. होडीत सात जण होते. अर्ध्या वाटेत वादळी वारा सुटला, पाणी खवळलं आणि होडी उलटली. एक जण पोहत काठाला लागला. बाकीचे सहा जण बुडाले. त्यात लहान मुलंही होती. एनडीआरएफच्या जवानांना मृतदेह शोधायला पुढचे दोन दिवस लागले.

त्याच्या सात वर्षं आधी, एप्रिल २०१७ च्या शेवटी, इंदापूर तालुक्यातच अजोतीजवळ फिरायला आलेल्या डॉक्टरांची होडी उलटली होती. त्यात चार डॉक्टर गेले.

अशी बातमी आली की आपण दोन-तीन दिवस हळहळतो. लाइफ जॅकेट का नव्हतं, परवानगी होती का, यावर कमेंट करतो आणि विसरून जातो. पण भीमेवर होड्या काही शतकांपासून चालतायत. मग त्यांचं आज नेमकं काय चुकतंय?

याचं उत्तर बऱ्याच अंशी होडीच्या बांधणीत आहे. आपल्याकडची साधी होडी मुळात वाहत्या, अरुंद नदीसाठी बनली. नदीचं धरण झालं, पाणी पसरलं, खोल झालं. होडी मात्र तशीच राहिली. हे समजून घ्यायचं तर आधी लाकडी होडी कशी बनते आणि तिची डागडुजी कशी होते ते बघावं लागतं. तर सुरुवातीपासून सुरुवात करू.

भीमेचं पाणी कसं बदललं?

बारामतीतून कऱ्हा वाहते. ती पुढे नीरेला मिळते. नीरा बारामती आणि इंदापूरच्या दक्षिणेकडून वाहत जाऊन नीरा नरसिंहपूरला भीमेला मिळते. म्हणजे या दोन तालुक्यांचं सगळं पाणी शेवटी भीमेत जातं. पूल कमी होते तेव्हा या नद्या ओलांडायला होडी हेच साधन होतं. भोई आणि कोळी समाजातल्या कुटुंबांचा हा पिढीजात धंदा. पलीकडच्या शेतावर जायचं असो, बाजाराला जायचं असो नाहीतर वारीला, नावाड्याला हाक मारायची आणि तो पैलतीरावर सोडायचा.

मग उजनी आलं. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात उजनी गावाजवळ भीमेवर बांधलेलं हे धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. एकूण साठा साधारण ११७ टीएमसी. यातलं जवळपास ६३ टीएमसी पाणी हा मृतसाठा. म्हणूनच उन्हाळ्यात ‘उजनी उणे ३० टक्के’ अशा बातम्या येतात. उपयुक्त साठा संपला तरी खाली भरपूर पाणी शिल्लक असतं.

या पाण्याखाली भीमाकाठची अनेक गावं गेली. गावं वर सरकली, नवी वसली. पण नाती, शेती आणि बाजार अजूनही दोन्ही काठांवर आहेत. पूर्वी काठावरून हाक मारली तर पलीकडे ऐकू जायची. आता मध्ये कित्येक ठिकाणी किलोमीटरच्या हिशोबात पाणी आहे. रस्त्यानं जायचं तर मोठा वळसा. म्हणून माणसं होडीत बसतात आणि बरोबर मोटारसायकलही चढवतात.

त्यात नवे धंदेही आले. भिगवणचा मासळी बाजार मोठा झाला. हिवाळ्यात फ्लेमिंगो बघायला भिगवण, कुंभारगाव आणि डिकसळला पर्यटक येऊ लागले. म्हणजे धरणामुळे होड्या कमी झाल्या नाहीत. त्यांचं काम उलट वाढलं.

नदीची होडी आणि समुद्राची होडी यात फरक काय?

कोकणातली मासेमारीची होडी डोळ्यांसमोर आणा. तिचं बूड मधोमध निमुळतं असतं आणि खाली पुढून मागपर्यंत एक जाड कणा असतो. तिचा पुढचा भाग, म्हणजे नाळ, उंच उचललेली असते. लाट आली की नाळ ती फोडते आणि कण्यामुळे होडी आडवी सरकत नाही.

नदीवरची होडी याच्या उलट असते. बूड सपाट, बाजू कमी उंचीच्या. याला कारण आहे. नदीत पाणी कधी कमरेइतकं तर कधी गुडघ्याइतकं. खाली वाळू आणि दगड. सपाट बुडाची होडी वीतभर पाण्यातही चालते, थेट काठाला लागते आणि माणसं कोरड्या पायांनी उतरतात. ती वल्ह्यापेक्षा लांब बांबूनं ढकलायला सोपी जाते. बांबू तळाला टेकवायचा आणि रेटा द्यायचा. भिगवणला पक्षी बघायला गेलात तर उथळ पाण्यात अजूनही असंच होडी चालवताना दिसेल. त्यात आवाज होत नाही, पक्षी उडत नाहीत.

जगात इतर ठिकाणीही नदीकाठच्या लोकांनी असाच विचार केला. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात मॅकेंझी नावाची खळाळती नदी आहे. तिथे ‘ड्रिफ्ट बोट’ नावाची लाकडी होडी तयार झाली. तिचंही बूड सपाट असतं, पण पुढून आणि मागून केळीसारखं वर वळलेलं. बाजू बाहेरच्या अंगाला कललेल्या. वल्हवणारा प्रवाहाच्या दिशेनं तोंड करून बसतो आणि उलटी वल्ही मारून होडीचा वेग कमी करतो. म्हणजे दगड चुकवायला वेळ मिळतो. कर्नाटकात तुंगभद्रेवर बांबूच्या गोल टोपलीची होडी चालते. कारण तेच, उथळ पाणी आणि खडक.

आपल्याकडेही एक जुना उपाय होता. दोन होड्या किंवा दोन ओंडके शेजारी शेजारी बांधायचे, त्यावर फळ्या टाकायच्या. रुंदी वाढते आणि ते सहजासहजी उलटत नाही. याला सांगड म्हणायचे. ‘सांगड घालणे’ हा वाक्प्रचार आपण आज ऑफिसच्या मीटिंगमध्येही वापरतो, त्याचं नातं या सांगडीशी आहे. आणि २०१९ च्या महापुरात कोल्हापूर-सांगलीकडे गूळ बनवायच्या काहिलीत माणसं बसवून बाहेर काढली गेली, तेही याच बुद्धीचं उदाहरण. सपाट बूड आणि उथळ पाणी यांचं जमतं.

लाकूड कुठलं वापरतात?

सगळ्यात उत्तम साग. सागात नैसर्गिक तेल असतं, त्यामुळे तो पाण्यात लवकर कुजत नाही आणि वाळवीही सहसा लागत नाही. वजनालाही फार जड नाही. एका घनमीटरचं वजन साधारण ६५० किलो. पाण्याचं १००० किलो असतं, म्हणून तो आरामात तरंगतो. अडचण किमतीची. आणि साग स्वतःच्या शेतातला असला तरी तोडायला परवानगी लागते.

म्हणून मग स्वस्तातला पर्याय म्हणून आंबा वापरतात. त्याच्या रुंद फळ्या मिळतात आणि काम करायला तो सोपा. पण पाण्यात साग जितका टिकतो तितका टिकत नाही. आतल्या आडव्या-उभ्या आधारांना, म्हणजे होडीच्या बरगड्यांना, बाभूळ चालते. ती चिवट असते आणि तिच्या फांद्या नैसर्गिकरीत्या वाकड्या असतात. वाकलेल्या फांदीतून बरगडी काढली की लाकडाचे धागे वळणाबरोबर वळतात, त्यामुळे ती तडकत नाही. सरळ लाकडातून वाकडा तुकडा कापला तर धागे मध्येच तुटतात आणि तिथेच तो मोडतो.

लाकूड कुठलंही असो, फळी गाभ्याची हवी. सालीलगतचा पांढरट भाग आधी कुजतो. सागाचा असला तरी.

होडी बांधतात कशी?

गावच्या कारागिराकडे सहसा कागदावरचं ड्रॉइंग नसतं. माप डोक्यात आणि हातात असतं. तरी टप्पे ठरलेले आहेत.

१. आधी लाकूड सावलीत वाळवतात. उन्हात घाईनं वाळवलं तर फळी पिळवटते आणि तडे जातात.

२. बुडाच्या फळ्या शेजारी शेजारी मांडून त्यांच्या कडा रंध्यानं अशा जुळवतात की मधून उजेड दिसू नये. बाहेरच्या बाजूला मात्र जराशी इंग्रजी ‘व्ही’सारखी खाच ठेवतात. तिचा उपयोग पुढे येईल.

३. बुडावर आडव्या बरगड्या बसवतात. माणसांचं वजन शेवटी याच पेलतात. बरगड्या लांब लांब टाकल्या तर पाय पडताच फळी लवते आणि सांधे उघडतात.

४. नाळ आणि मागची फळी उभी करतात. मग बाजूच्या फळ्या वाकवून बसवतात. जाड फळी सहज वाकत नाही. तिला ओली करून, शेक देऊन, हळूहळू दोर आवळत वाकवावी लागते.

५. खिळे ठोकण्याआधी गिरमिटानं भोक पाडतात, नाहीतर फळी फाटते. खिळे तांब्याचे असतील तर सगळ्यात चांगलं. ते परवडत नसतील तर जस्ताचा मुलामा दिलेले. साधा लोखंडी खिळा गंजतो, फुगतो आणि आजूबाजूचं लाकूड काळं पाडून खातो. जुन्या काळी पश्चिम किनाऱ्यावर तर खिळेच वापरत नसत, फळ्या काथ्याच्या दोरीनं शिवायचे. केरळात आजही अशी शिवलेली होडी बघायला मिळते.

६. आता त्या खाचा भरायच्या. कापूस किंवा ताग पिळून त्याची वात करतात आणि बोथट पटाशीनं ती खाचेत ठासतात. वरून राळ आणि तेलाचं मिश्रण किंवा डांबर. ठासणं जास्त झालं तर फळ्या एकमेकींपासून सरकतात, कमी झालं तर पाणी येतं. होडी बांधण्यातलं सगळ्यात नाजूक काम हेच.

७. शेवटी तेल, डांबर किंवा रंग. कोकणात आणि गोव्यात होडीला माशाचं तेल आणि काजूच्या टरफलाचं तेल लावायची पद्धत आहे. त्यानं लाकडात पाणी कमी मुरतं आणि कीड दूर राहते. देशावर डांबर आणि ऑइल पेंट जास्त दिसतो.

होडी पहिल्यांदा पाण्यात टाकली की थोडं पाणी आत येतंच. घाबरायचं कारण नसतं. लाकूड पाणी पिऊन फुगतं, फळ्या एकमेकींना घट्ट भिडतात आणि गळती थांबते. म्हणूनच बरेच दिवस काठावर उन्हात पडलेली होडी एकदम माणसं भरून पाण्यात घालायची नसते. ती आधी भिजू द्यावी लागते. उन्हाळ्यात आठवडेच्या आठवडे कोरडी पडलेली होडी सुट्टीच्या गर्दीत घाईनं पाण्यात ढकलणं हा सरळसरळ धोका आहे.

लाकडी होडी कुजते कुठे?

लाकूड पाण्यामुळे कुजतं असं आपल्याला वाटतं. खरं तर ते कुजवते बुरशी. बुरशीला ओल आणि हवा दोन्ही लागतं. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या खाली असेल तर बुरशी वाढत नाही. आणि लाकूड कायम पूर्ण पाण्याखाली असेल तर हवा मिळत नाही, म्हणून तिथेही ती फारशी वाढत नाही.

म्हणजे होडी कुजते ती अधेमधे. जिथे पाण्याची रेघ असते तिथे, कारण तो भाग रोज ओला होतो आणि रोज वाळतो. बरगडीच्या खाली, जिथे पावसाचं पाणी साचतं. फळीच्या टोकांना, कारण टोकातून लाकूड नळीसारखं पाणी ओढतं. आणि प्रत्येक लोखंडी खिळ्याभोवती. जुनी होडी तपासताना कारागीर पहिल्यांदा याच चार जागा बघतो.

उजनीत यात आणखी एक भर पडते. पावसाळ्यानंतर धरण काठोकाठ भरतं आणि उन्हाळ्यात पाणी प्रचंड उतरतं. २०२४ च्या उन्हाळ्यात तर पातळी उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेली होती. पाणी इतकं उतरलं की पळसदेवचं जुनं मंदिर उघडं पडतं, लोक रील्स काढायला जातात. पण ज्या पाण्यातून मंदिर वर येतं, त्याच पाण्यात जुन्या घरांच्या भिंती, विहिरींचे कठडे आणि झाडांचे बुंधे हात-दोन हात खाली दडलेले असतात. होडीच्या बुडाला ठोकर बसते ती इथे.

जुनी होडी दुरुस्त कशी करतात?

होडी बाहेर काढून पालथी घालायची आणि सावलीत वाळू द्यायची. घाई केली की पुढचं सगळं काम वाया जातं. ओल्या लाकडावर रंग टिकत नाही.

मग जुना रंग आणि डांबर खरवडून काढायचं. हे कंटाळवाणं काम आहे, पण रंगाखाली काय दडलंय ते यानंतरच कळतं. लाकूड उघडं झालं की दोन साध्या तपासण्या. एक, छोट्या हातोडीनं ठोकत जायचं. चांगलं लाकूड खणखणीत वाजतं, कुजलेलं भद्द आवाज करतं. दोन, टोच्या टोचून बघायचा. तो सहज आत गेला तर तो भाग गेलेला आहे.

कुजलेला भाग कापताना हात आखडता घ्यायचा नाही. नुसता खराब दिसणारा तुकडा काढून भागत नाही. बुरशी आजूबाजूच्या चांगल्या दिसणाऱ्या लाकडातही शिरलेली असते, म्हणून चारही बाजूंनी थोडं चांगलं लाकूडही कापावं लागतं.

नवा तुकडा जोडताना टोकाला टोक सरळ भिडवलं तर सांधा कमजोर राहतो. त्याऐवजी दोन्ही टोकं तिरपी तासून एकमेकांवर बसवतात. हा उतार फळीच्या जाडीच्या निदान आठपट लांब ठेवायचा असा नियम आहे. म्हणजे फळी २ सेंटीमीटर जाड असेल तर सांध्याची तिरपी लांबी १६ सेंटीमीटर. जास्त लांबीवर गोंद पसरतो आणि ताण वाटला जातो. हा सांधा बरगडीजवळ यावा आणि शेजारच्या दोन फळ्यांचे सांधे एकाच रेषेत येऊ नयेत. एकाच रेषेत आले तर होडी तिथूनच मोडायला निघते.

गंजलेले खिळे उपटून नवे घालायचे, पण जुन्याच भोकात नाही. जुनं भोक लाकडी खुंटी आणि गोंदानं बुजवायचं आणि शेजारी नवं पाडायचं. मग सांध्यातली जुनी वात काढून नवी भरायची, लांबी भरायची, प्रायमर आणि शेवटी रंग.

आता एक सर्रास होणारी चूक. जुनी लाकडी होडी गळायला लागली की तिच्यावर सरळ फायबरचा थर चढवायचा. बाहेरून होडी नवीकोरी दिसते. पण आत लाकूड ओलं असेल तर ती ओल फायबरखाली कोंडली जाते आणि बुरशीला हवं तसं घर मिळतं. त्यात लाकूड फुगतं-आकसतं आणि फायबर तितकं हलत नाही, म्हणून कालांतरानं थर सुटतो. सुटलेला थर बाहेरून दिसत नाही. फायबर लावायचंच असेल तर लाकूड पूर्ण वाळलेलं आणि निरोगी असायला हवं, नाहीतर तो फक्त मेकअप ठरतो.

फळ्याच हव्यात का? प्लायवूड चालेल?

चालेल. अमेरिकेतल्या बहुतेक लाकडी ड्रिफ्ट बोटी प्लायवूडच्याच असतात. प्लायवूडचे थर आडवे-उभे चिकटवलेले असल्यामुळे ते फार फुगत-आकसत नाही आणि फटीही कमी असतात. तारेनं किंवा प्लास्टिकच्या पट्टीनं तुकडे शिवायचे, सांध्यात इपॉक्सी भरायचं, वरून फायबरची पट्टी. लाकूडकामाची थोडी जाण असलेला माणूसही अशी छोटी होडी करू शकतो.

पण दुकानात ‘वॉटरप्रूफ’ म्हणून मिळणारं प्रत्येक प्लायवूड होडीला चालत नाही. आयएस ३०३ हा फर्निचरच्या साध्या प्लायवूडचा दर्जा. होडीला लागतं ते आयएस ७१०, म्हणजे मरीन प्लायवूड. याचा नमुना ७२ तास पाण्यात उकळून तपासतात आणि तरी थर सुटता कामा नयेत असा नियम आहे. विकत घेताना शीटवर आयएसआयचा छाप आणि हा आकडा बघायचा.

वजनाचं गणित

हे गणित शाळेतल्या आर्किमिडीजचंच आहे.

समजा होडी ५ मीटर लांब आणि १.२ मीटर रुंद. बुडाचं क्षेत्रफळ झालं ६ चौरस मीटर. ही होडी १ सेंटीमीटर खाली गेली की ६० लिटर पाणी बाजूला सारते, म्हणजे ६० किलो वजन पेलते. सोपा हिशोब: एक माणूस चढला की होडी साधारण एक सेंटीमीटर खाली. दहा माणसं म्हणजे दहा सेंटीमीटर. टोकं निमुळती असल्यामुळे प्रत्यक्षात थोडं जास्तच.

ऐकायला हे काहीच नाही. म्हणूनच ‘अजून दोघं बसतील’ असं म्हटलं जातं. पण आता दुसरा आकडा बघा. याच होडीत लाटेनं किंवा गळतीनं ५ सेंटीमीटर पाणी साचलं, म्हणजे जेमतेम घोट्यापर्यंत, तर ते ३०० लिटर होतं. ३०० किलो. पाच माणसांइतकं वजन. आणि माणसं जागेवर बसून राहतात, पाणी राहत नाही. होडी जरा कलली की सगळं पाणी त्याच बाजूला धावतं आणि तिला आणखी कलवतं. होडी उलटते तेव्हा बऱ्याचदा असंच होतं.

मोटारसायकलचा धोका वेगळा. तिचं वजन दोन माणसांइतकं, पण ते उंचावर असतं. त्यात कोणी होडीत उभं राहिलं, किंवा सगळे फोटोसाठी एका बाजूला आले, तर वजन आणखी वर आणि एका कडेला जातं. सपाट बुडाची होडी सुरुवातीला अगदी स्थिर वाटते. थोडी कलली तर स्वतःहून सरळ होते. पण एका मर्यादेनंतर ती सावरायला वेळच देत नाही.

वारा इतका धोकादायक का?

लाट किती मोठी होणार हे तीन गोष्टींवर ठरतं. वारा किती जोरात आहे, किती वेळ वाहतोय आणि त्याला मोकळं पाणी किती लांबपर्यंत मिळतंय. जुन्या भीमेचं पात्र अरुंद होतं. वारा कितीही सुटला तरी लाटेला वाढायला जागाच नव्हती. उजनीत वाऱ्याला किलोमीटरच्या किलोमीटर मोकळं पाणी मिळतं.

आणि नेमक्या सुट्ट्यांच्या दिवसांत, एप्रिल-मे मध्ये, आपल्याकडे वळीव येतो. दिवसभर ऊन, दुपारनंतर ढग, मग अचानक वावटळ आणि पाऊस. काठावर निघताना पाणी शांत असतं आणि मध्यावर पोचेपर्यंत चित्र बदलतं. कुगाव-कळाशीची दुर्घटना मे महिन्यात संध्याकाळी झाली ती अशाच वाऱ्यात. समुद्रातल्या होडीची उंच नाळ अशी लाट फोडते. नदीच्या होडीचा काठ कमी उंचीचा, त्यामुळे लाट सरळ आत येते. आणि बांबूनं होडी ढकलायची तर तळ लागायला हवा. खोल पाण्यात इंजिन बंद पडलं तर बांबूचा उपयोग नाही. होडी वाऱ्याला आडवी होते आणि तिथेच खेळ संपतो.

उपाय नाहीत असं नाही. बाजूंची उंची वाढवणं, दोन्ही टोकांना फळ्यांनी झाकलेला भाग करणं, बाकड्यांखाली हवाबंद डबे किंवा फोम बसवणं, जास्तीची वल्ही ठेवणं. नवी होडी बांधताना हे फारसं अवघड नाही. जुनी दुरुस्त करतानाही यातलं बरंच करता येतं.

उलटली तर लाकडी होडी बुडते का?

सहसा नाही, आणि हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. १५० किलो सागवान पूर्ण पाण्याखाली गेलं तर ते साधारण २३० लिटर पाणी बाजूला सारतं. म्हणजे स्वतःचं वजन पेलून वर ८० किलोचा आधार उरतो. पाण्यातल्या माणसाला डोकं वर ठेवायला थोडासाच आधार पुरतो. म्हणून उलटलेल्या लाकडी होडीला धरून राहणं हे काठाकडे पोहत निघण्यापेक्षा बहुतेक वेळा शहाणपणाचं असतं. काठ दिसतो त्यापेक्षा लांब असतो.

मात्र होडीवर जड इंजिन असेल किंवा लाकूड वर्षानुवर्षं पाणी पिऊन जड झालं असेल तर हा आधार कमी होतो. पत्र्याची होडी तर पाणी भरलं की सरळ तळाला जाते. फायबरचीही तीच गत, जर तिच्यात फोम किंवा हवाबंद कप्पे नसतील.

कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे तरीवर नियंत्रण ठेवणारा कायदा १८६८ पासून आहे. आता देशपातळीवर २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आहे. त्यानं १९१७ चा जुना कायदा रद्द केला. इंजिनवर चालणाऱ्या होडीची तपासणी, नोंदणी, विमा आणि जीवरक्षक साधनं यात बंधनकारक आहेत. वल्ह्याच्या आणि बांबूच्या होड्यांची नोंद गाव, तालुका किंवा जिल्हा पातळीवर करायची तरतूदही आहे. महाराष्ट्रात हे काम बघणारी यंत्रणा म्हणजे महाराष्ट्र सागरी मंडळ. नावात सागर असला तरी धरणातल्या आणि नदीतल्या प्रवासी होड्याही त्यांच्याकडेच येतात.

दुर्घटनेनंतर शिरसोडी ते कुगाव पुलाचा विषय जोरात आला आणि पुलाला मंजुरी मिळाली. पूल झाला की रोजची ये-जा होडीवर अवलंबून राहणार नाही. पण मासेमारी राहील, पर्यटक येत राहतील. म्हणजे होड्या राहतीलच.

बसण्याआधी हे बघा

- होडीत आधीच पाणी आहे का? थोडं असेल तर ते उपसायला डबा ठेवलाय का?
- सगळे बसल्यावर काठ पाण्यापासून किमान हातभर वर आहे का? नसेल तर उतरा. पुढच्या फेरीत जा.
- बुडाची फळी पायाखाली लवते का? खिळ्यांभोवती काळे डाग आणि ओल दिसते का?
- लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या अंगात आहे का? होडीत गठ्ठा करून ठेवलेलं जॅकेट उलटल्यावर सापडत नाही. मुलांना मुलांच्या मापाचं हवं.
- इंजिन असलं तरी वल्ही आहेत का?
- दुपारनंतर आभाळ भरून येत असेल तर निघू नका. नावाडी नको म्हणत असेल तर त्याला जास्त पैशांचा आग्रह करू नका.
- मध्यावर उभं राहू नका. सेल्फीसाठी एका बाजूला जमू नका.

यातलं कुठलंही काम पाच मिनिटांच्या वर जात नाही. होडीत काय बिघडलंय हे नावाड्याला बहुतेक वेळा माहीत असतं. पण दुरुस्तीला होडी काठावर ठेवली तर तेवढे दिवस धंदा बुडतो, आणि प्रवासी तर कधी विचारतच नाहीत. आपण विचारायला लागलो, तर होडी दुरुस्त करून घेणाऱ्या नावाड्याचाच धंदा चालेल.